गालिच्याखालचा सांधा

त्या हिवाळ्यात मला फारसं काही जाणवत नव्हतं. बाबा दिवाळीनंतर गेले. व्हिसाच्या अडचणीमुळे मला अमेरिकेतून चंद्रपूरला जाता आलं नाही. सगळं फोनवर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी क्लासला गेले. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. गैरहजर राहायचं तर कोणाला काय सांगायचं असतं, हेही मला नीट माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत आर्किटेक्चरच्या प्रोफेसरांनी मला कॉलेजच्या गावापासून, नेपरव्हिलपासून, दोन तासांवर, मक्याच्या शेतांमधल्या एका लाकडी चर्चची मापं घ्यायला पाठवलं. ते पाडायचं घाटत होतं. मूळ इमारत आगीत गेली, ही नंतरची, तेव्हा जपण्यासारखं काही नाही, असं पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या चर्चमंडळाच्या, समितीचं म्हणणं. किल्ली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईंची आजी मात्र सांगायची, की आगीत अर्धंच चर्च गेलं. पुरावा नव्हता. तो मला सापडावा असं बाईंना वाटत असावं. त्यांनी मला थर्मासमधली कॉफी दिली.

मी दारातच बूट काढले. विहारात जाताना काढतो तसे, विचार न करता.

"घाल ते परत," बाई म्हणाल्या. "हीटर बंद आहे. आणि देव काही तुझे मोजे बघायला येणार नाही."

मला संकोच वाटला, पण तोवर मी आत गेले होते.

बाकांमधल्या वाटेवर टेप ओढत चालताना पायांना गारठ्याशिवाय काही कळत नव्हतं. मग गालिच्याखाली एक बारीक उंचवटा लागला. बाकांखाली हात घालून पाहिलं, तर तो दोन्ही भिंतींपर्यंत गेला होता. बुटातून तो कळला नसता.

बाहेरून, भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या झडपेतून मी लाकडी जमिनीखालच्या पोकळीत सरपटत शिरले. बाई टॉर्च धरून तोंडाशी बसल्या. वेदीकडून आलेली तुळई कुऱ्हाडीनं तासलेली होती. उंचवट्याच्या बरोबर खाली ती संपली होती, टोक जळून काळं पडलेलं. तिथून दाराकडे करवतीनं कापलेली दुसरी तुळई जोडली होती. कुऱ्हाडीचे घाव आणि करवतीच्या रेघा हा फरक मी कॉलेजात शिकले नव्हते. बाबा आरा मशीनवर कामाला होते. लाकडावर माझा हात फिरवून विचारायचे, सांग, कशानं कापलंय?

मी खालूनच बाईंना सांगितलं, तुमच्या आजीचं खरं होतं, अर्धं चर्च आगीतून वाचलं होतं. टॉर्चचा उजेड हलला.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. माझे नकाशे पाहून समितीनं ठरवलं होतं : वेदीकडचा जुना भाग राहील, दाराकडचा पाडतील. बाई लग्नापासून ज्या बाकावर बसत, तो दाराशी होता. मी सॉरी म्हणाले.

"असू दे. आता पुढे बसेन. माझ्या डुलक्या फादरना दिसतील, एवढंच."

मी हसले बहुतेक.

नंतर त्या जळक्या टोकाचा फोटो आईला पाठवला. हे काय, तिनं विचारलं. लाकूड आहे, मी लिहिलं, आधी कुऱ्हाडीचं, पुढे करवतीचं.

तिचं उत्तर आलं. "ह्यांनी ओळखलं असतं."