कांद्याच्या मुळातली वाटणी

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला मी एकदा सपाटून आपटली होती. कांद्याच्या मुळाची स्लाइड पुढ्यात ठेवून बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं होतं, "या एवढ्या पेशींत विभाजन दिसत नाही. त्या काय करताहेत?" मी ठणकावून सांगितलं, "आराम!" जुन्या गाइडात तसंच छापलं होतं. आता यात माझं काय चुकलं, सांगा!

पुढच्या वर्षी पुन्हा यवतमाळच्या कॉलेजात तीच परीक्षा. यंदा गेलं तर एम.एस्सी.चं नावच काढायचं नव्हतं. आर्णीहून एसटीत बसली तेव्हापासून ओठांतल्या ओठांत उत्तरं घोकत होती. सोबत आलेली मैत्रीण मागच्याच खेपेला पास झालेली. ती म्हणे, "कायले भेऊन राह्यली वं? कांदाच तं आहे!" असा राग आला मले तिचा!

लॅबमध्ये मुळांची टोकं कापली, ॲसिडात मऊ केली, रंग चढवला, वरून काच ठेवून अंगठ्यानं दाबली. मायक्रोस्कोपात डोळा लावला तर जिकडे तिकडे नुसती गोल गोल केंद्रकं. स्लाइड इकडे सरकवली, तिकडे सरकवली. विभाजन कुठ्ठंच नाही. माय वं, मेली मी!

तेवढ्यात परीक्षक आलेच. नेमके तेच, मागच्या वर्षीचे.

"काय दिसतं?"

"सर, विभाजन नाई दिसून राह्यलं." घरून घोकून आणलेली शुद्ध मराठी भीतीनं पळाली होती.

"मग या पेशी काय करून राह्यल्या? आराम?"

म्हणजे त्यांच्या लक्षात होतं! आता मात्र मी पेटली.

"नाही सर. आमच्या घरी बाबा अन् काका वेगळे निघाले. वाटणी एका सकाळीच झाली, पण तयारी वर्षभर चालली. आज्याची अटच होती, हरेक वस्तू दोन झाल्याबिगर चूल वेगळी होणार नाही. दुसरा गॅस आणला, धान्याची दुसरी कोठी आणली, फवारणीचा पंपही दुसरा आणला. त्या वर्षात कोणी घरात डोकावलं असतं तर आम्ही सगळे एकाच पंगतीत जेवताना दिसलो असतो. या पेशी त्याच तयारीत आहेत सर. आधी वाढतात, मग डीएनए दुप्पट करतात, मग काही राहून गेलं का ते तपासतात. विभाजन म्हणजे नुसती ती शेवटची सकाळ."

मला बाजूला सारून सरांनी स्वतः डोळा लावला. बराच वेळ स्लाइड हलवत राहिले.

"ये, पाहा."

एका कोपऱ्यात एकच पेशी होती. तिच्यात गुणसूत्रांचे दोन जुडगे, एक या टोकाला निघालेला, एक त्या टोकाला.

"झाली का वाटणी बरोबर?"

"हो सर. अगदी सारखी."

एवढं बोलली अन् मला रडूच फुटलं. काका घर सोडून वेगळे निघाले त्या सकाळी घरात कोणीच रडलं नव्हतं. सगळे सामान ट्रॅक्टरवर चढवण्यात गुंतलेले, काकूनं जाताना मागं वळूनही पाहिलं नाही, अन् मी ट्रॅक्टरला हात हलवत हसत उभी होती.

सर बिचारे घाबरूनच गेले. "अवं पोरी, पास केलं ना तुले! रडतं काहून?"