गुड फ्रायडेचं गीत कोण धरणार

दाजी म्हणजे माझ्या कुमुदताईचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणायचो, म्हणून सगळी मंडळीही म्हणू लागली. पनवेलहून तळोज्याकडे जाताना आमचं गाव लागतं. गावाबाहेर इंग्रजांच्या काळातलं दगडी चर्च आहे. आम्ही ख्रिस्ती लोक त्याला देऊळच म्हणतो. कौलांच्या जागी पत्रे आलेत, कारखान्यांचा वास आला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. पण रविवारची उपासना चुकत नाही.

त्या उपासनेत गीत धरायचं काम दाजींचं. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, गीत सांगितलं की पहिली ओळ दाजी एकटे गाणार, मग आम्ही सगळे त्यांच्या मागून. वाजवणारं कुणी नव्हतंच. कारखान्यात जन्मभर दाजींना कोणी हिंग लावून विचारलं नाही. देवळात मात्र त्यांनी तोंड उघडल्याशिवाय कुणाचा आवाज निघत नसे, आणि त्याची ऐट त्यांच्या चालण्यातही दिसायची.

मग इंद्रजीत आला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरी, राहायला खांदा कॉलनीत, आणि काखेत कीबोर्ड. मुलगा गुणी. दाजी दिसले की आधी वाकून सलाम करायचा. मला वाटतं, त्या सलामानेच दाजींचा जास्त तिळपापड व्हायचा. थोडा उर्मट असता तर निदान मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या!

पाळकांनी गीतं कीबोर्डवर सुरू केली. वाजवता वाजवता इंद्रजीत गायचाही, चांगल्या वरच्या पट्टीत. बायका म्हणू लागल्या, आता कसं भरल्यासारखं वाटतं. दाजी घरी जेवताना ताट सरकवायचे. "बटनं दाबून भक्ती व्हते का?" ताई ताट परत पुढे ओढून भात वाढायची. शेवटी दाजींनी पाळकांना गाठलंच. पाळक समंजस माणूस. म्हणाले, "गुड फ्रायडेला आपल्याकडे वाद्य वाजत नाही. त्या दिवशी तुम्ही गीत धरा. मंडळी पूर्वीसारखी गायली, तर रविवारीही तुम्हीच धरा. कीबोर्ड नाताळापुरता ठेवू."

दाजींना एवढंच हवं होतं. महिनाभर त्यांनी लोणचं सोडलं. ज्येष्ठमध चघळत ते परसात गायचे, आणि गाता गाता मला विचारायचे, "त्यो पोरगा एवडा वर जातो काय रं?" मी सांगितलं, "दाजी, तुमची पट्टी खालची. तीच आम्हाला जमते." ऐकतील तर ते दाजी कसले!

गुड फ्रायडेला भर दुपारी देऊळ गच्च भरलं. वेदीवर कापड नाही, घंटा नाही. इंद्रजीत रिकाम्या हाताने शेवटच्या बाकावर बसला होता. दाजी उठले, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पहिली ओळ अशी काही वर धरली की मी मनात म्हटलं, मेलो. पहिली ओळ तरली. दुसरी चढाची. मंडळी अर्ध्यात थांबली, आणि दाजींचा आवाज फाटला. ते उभेच राहिले, तोंड उघडं.

मागून इंद्रजीतने गीत पुन्हा धरलं. हळू, दाजींच्या नेहमीच्या खालच्या पट्टीत. पहिल्या शब्दावर दाजी जरा जास्तच रेंगाळायचे, छापलेल्या सुरावटीत ते नाही. पोरगा तिथेही तसाच रेंगाळला. त्याच्यामागे सर्वांत आधी कुमुदताई गायली. मग सगळं देऊळ. दाजी खाली बसले. त्यांचे ओठ मिटलेले होते.

घरी जाताना ताई त्यांना समजावू लागली. "अवो, त्यानं तुमचीच चाल घेतली. तुमचा मानच ठेवला ना त्यानं?"

दाजी रस्त्यातच थांबले. एवढे दिवस नुसते चिडायचे, आज डोळ्यांत पाणी होतं.

"त्येच तर, कुमुद. चाल माझी, आनि माझ्यापरीस बरी गायला त्यो. चाल त्याची असती तर आमी नावं तरी ठेवली असती."