आम्हाला दिलेला नारळ

खाडीकाठची आपली मोरखार सोडली त्या सकाळी आमचं अख्खं घर एका टेम्पोत मावलं. फक्त आईच्या मांडीवरचा नारळ कुठे ठेवायचा, ते ठरेना. ड्रायव्हर म्हणाला, "मागे पातेल्यात टाका ना मावशी." आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुपचूप चावी फिरवायला लागला. पुढे आई, मी आणि नारळ. मागे कपाट धरून बाबा आणि दादा. जाळी आम्ही तिथेच ठेवली होती, वर्तकनगरच्या भाड्याच्या खोलीत ती वाळत घालणार कुठे? तुम्ही शेजारपाजारची माणसं बांधावर उभी होतात. मामीनं काहीतरी सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, कारण वॉटर पार्कच्या भिंतीवरच्या कर्ण्यातून कसलंसं इंग्रजी गाणं ठणठणत होतं. मी नुसती मान हलवली. साधा निरोपसुद्धा त्या लोकांनी आपल्याला धड घेऊ दिला नाही, याचा राग माझ्या डोक्यात अजून आहे.

तुम्ही जे भिंतीमागे राहिलात आणि जे आमच्यासारखे वर्तकनगर, कल्याण, डोंबिवलीला पांगलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. कारण गेल्या महिन्यात पार्कला दहा वर्षं झाली म्हणून पेपरात पुरवणी आली, रंगीत, चार पानी. पार्क कसं उभं राहिलं त्याचा इतिहास म्हणे. मालक एका खडकावर उभे राहिले, समोर दलदल पसरली होती, आणि त्यांना स्वप्न दिसलं. पुढे ठळक अक्षरांत छापलंय, "तिथे काहीच नव्हतं."

डोंबिवलीच्या शाळेत मी मुलांना इतिहास शिकवते. शाळेत ती पुरवणी सगळ्यांच्या हातांत फिरली. बरोबरच्या एक बाई कौतुकानं म्हणाल्या, "बघा बाई, तुमच्या ठाण्याकडे काय होतं आणि काय केलं." मी चहाचा कप ठेवला आणि वर्गावर गेले. तिथे बोलले असते तर भांडण झालं असतं. म्हणून इथे बोलते.

ज्या खडकावर मालक उभे राहिले तो धुणं धुवायचा खडक. ज्याला ते दलदल म्हणतात ते आपलं खाजण, भरतीचं पाणी आत येऊन ओहोटीला उतरायचं ती जमीन. तिथे तिवरं होती, चिंबोऱ्या होत्या, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या होत्या. आईनं माझी कॉलेजची पहिली वर्षं त्या चिंबोऱ्यांवर काढली. पण तिकाटण्यावर दुर्बीण लावून जमीन मोजायला माणसं आली, त्यांनी नकाशावर "पडीक" असं लिहिलं, आणि त्या एका शब्दानं आपण सगळे तिथून पुसले गेलो. पडीक जमिनीवर माणसं राहत नसतात ना.

मग गावदेवीच्या देवळासमोर सभा झाली. पार्कचे मॅनेजर साहेब आले होते, काळा चष्मा, फार गोड बोलणं. जमीन तशी कागदावर आपली नव्हतीच, पिढ्यान्‌पिढ्या वापरली एवढंच; त्यामुळे आपले पुरुष खाली माना घालून बसले. उठली ती आई. तिनं एकच विचारलं, "पुनवेचा नारल खाडीला द्याला वाट ठेवशाल का?"

नारळी पौर्णिमेला सगळी मोरखार वाजतगाजत त्याच वाटेनं पाण्यावर जायची. नारळ खाडीला दिल्याशिवाय होडी सुटायची नाही. साहेब हसले. "अहो ताई, तुमची वाट आम्ही कशाला घेऊ? वाट राहील. माझा शब्द." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

त्यानंतर दोन वर्षं डंपर चालले. कुठला तरी डोंगर फोडून आणलेला मुरूम खाजणात ओतत राहिले. खाजणानं एकदा एक डंपर चाकांसकट ओढून घेतला, तेव्हा अख्खा पाडा बघायला जमला होता आणि म्हाताऱ्या माणसांनासुद्धा हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाजूनं आणखी दहा आले. आणि घमेली टाकणारे कोण? आपलेच लोक. मासळी आटली होती, रोजानं पैसे मिळत होते. बाबांनी ज्या चिखलात उभं राहून आयुष्यभर पागाचं जाळं फेकलं, तो चिखल त्यांनी स्वतःच्या हातांनी बुजवला. घरी आल्यावर ते कितीतरी वेळ पाय धुवत बसायचे. पुरवणीत "शेकडो हातांनी घडवलं" असं एक वाक्य आहे. ते हात कुणाचे, ते छापायला चार पानं कमी पडली.

दादाला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात काम मिळालं. पार्कसाठी फायबरचे प्राणी तिथे बनत होते. भला मोठा मासा, त्याच्या तोंडातून शिरायचं आणि शेपटीकडून घसरत पाण्यात पडायचं. फायबरची कूस अंगात घुसायची, दादा रात्रभर खाजवत बसायचा आणि म्हणायचा, "खाजन गेला, खाज रायली." मासा ट्रेलरवरून आला तेव्हा बाबा बघायला गेले. डिझायनरनं माशाला लांबलचक पापण्या लावल्या होत्या, डोळा मिचकावल्यासारख्या. बाबा त्याच्याभोवती एक फेरी मारून परत आले. "माशाला पापन्या," ते आईला म्हणाले, "आता आपन काय बोलाचा?" त्यानंतर ते पार्कच्या कामावर गेले नाहीत.

भिंत सगळ्यात शेवटी बांधली. आधी भिंतीत वाटेसाठी फाटक होतं, हे खरं. मग फाटकाला कडी आली, कडीला कुलूप आलं, कुलपापाशी वॉचमन आला. आई टोपली घेऊन गेली तर तो म्हणाला, "टिकट लेके आओ." खाडीवर जायला तिकीट. आई साहेबांच्या ऑफिसात गेली. साहेब मीटिंगमध्ये होते, दुसऱ्या दिवशीही होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, सुरक्षेचा प्रश्न आहे, मुलं पाण्यावर जातील, काही झालं तर जबाबदार कोण? वाट ठेवतो म्हणाले आणि आपली वाट लावली.

पण पौर्णिमा आली तेव्हा साहेबांना आपली आठवण झाली. निरोप आला: सगळ्यांनी या, हिरवी लुगडी नेसून या, बँड आम्ही देतो, फोटोग्राफर असेल. पार्कमध्येच नारळी पौर्णिमा साजरी करू. आईला वाटलं, त्या दिवसापुरतं तरी फाटक उघडणार. तिनं नारळाला सोनेरी कागद लावला. आम्ही सगळे वाजतगाजत आत शिरलो, पापण्यांच्या माशावरून पुढे गेलो, आणि मिरवणूक डावीकडे वळली. खाडी उजवीकडे होती.

डावीकडे वेव्ह पूल होता. निळ्या फरशीचा हौद, भोंगा वाजला की यंत्र सुरू व्हायचं आणि लाटा यायच्या. "इथे सोडा नारळ," साहेब म्हणाले. "लाटा तयारच आहेत. खाडीत तुम्हाला असल्या लाटा मिळतात का?"

फोटोग्राफर वाकला. भोंगा वाजला, लाटा आल्या. आई पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेली, खाली बसली, ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखलं. मग तोंडातलं बाजूला थुंकून टाकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"या पान्याला मीठ नाय. नारल मिठाच्या पान्याला देतान."

आणि नारळ पदराखाली घेऊन ती चालायला लागली. बँडवाल्यांना कळेना वाजवायचं की थांबायचं. आपल्यातले काही मागे राहिले, त्यांनी हौदात नारळ सोडले, त्यांचे फोटो पेपरात आले. मी त्यांना नावं ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी ते सगळे नारळ जाळीनं उपसून कँटीनला गेले, एवढं मात्र सांगते.

गणपती झाल्यावर नोटीस आली. आमची कडेची घरं पार्किंगच्या आखणीत जात होती. मराठीत कामावरून काढण्याला नारळ देणं का म्हणतात, ते मला तेव्हा नीट कळलं. आई ज्याला नारळ द्यायला निघाली होती त्याच्यापर्यंत तो पोचला नाही, आणि आम्हाला मात्र मिळाला.

वर्तकनगरला नळ होता, संडास होता, कॉलेज जवळ होतं. मी खोटं बोलणार नाही, मला बरं वाटलं होतं. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या गेटवर बसायला लागले, त्यांचा सगळा दिवस उन्हात स्टुलावर जायचा. चार वर्षांत गेले. सोनेरी कागदातला नारळ देवांच्या फळीवर होता. पहिल्या वर्षी तो हलवला की आत पाणी डुचमळायचं, मग गोटा सुटून खडखडायला लागला. चटणी करू म्हटलं तर आई म्हणायची, "त्यो आपला नाय. देयाचा रायलाय."

मला शाळेत नोकरी लागली आणि आम्ही डोंबिवलीला आलो. इथे नव्या माणसाला पहिला प्रश्न असतो, "गाव कुठलं तुमचं?" कुणी चिपळूण सांगतं, कुणी सातारा. मी ठाणं सांगितलं की समोरचे हसतात. "ठाणं काय गाव असतं का? मूळ गाव सांगा." मूळ गावाच्या भिंतीला तिकीट खिडकी आहे, हे कसं सांगायचं? दरवर्षी शाळेची सहल त्याच पार्कला जाते. दरवर्षी मी काहीतरी कारण काढते.

एका पौर्णिमेला मी आईला कल्याणच्या खाडीवर नेलं. म्हटलं, ही पण खाडीच, हिलाच दे. आईनं तिथेही आधी पाणी चाखलं. "हाय, थोडा हाय मीठ," ती म्हणाली. पिशवीतून नारळ काढेल असं मला वाटलं. तिथल्या कोळणी नारळ घेऊन उतरत होत्या, त्यांच्याकडे ती बघत राहिली. मग म्हणाली, "ही यांची खाडी. हिला यांचा नारल." तसाच तो घरी परत आला.

आता पुरवणीनंतरची गोष्ट. वर्धापनदिनाला "मूळ रहिवाशांचा" सत्कार करायचा असं पार्कनं ठरवलं. तिथे काहीच नव्हतं, तर मूळ रहिवासी आले कुठून, हे त्यांना विचारायला हवं. मी आमंत्रण फाडायला घेतलं तर आईनं हात धरला. "जाव या," ती म्हणाली. तिनं हिरवं लुगडं काढलं, कापडी पिशवी घेतली. पिशवीत काय आहे ते मी विचारलं नाही.

स्टेजवर नवे मॅनेजर होते, तरुण, वाकून नमस्कार करणारे. तुमच्यापैकी बरेच जण पुढच्या रांगेत बसले होतात. आईच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात श्रीफळ ठेवलं, आणि माईक पुढे केला, दोन शब्द बोला. आईनं माईककडे बघितलंसुद्धा नाही. नारळ घेऊन ती स्टेजवरून उतरली आणि सरळ खाडीकडच्या मागच्या फाटकाकडे चालायला लागली. मी मागे धावले.

वॉचमन नवा होता. "मावशी, इकडे बंद आहे."

"तुझ्या सायबानं नारल दिलाय," आई शालीसकट त्याच्यासमोर उभी राहिली. "यो नारल कोनाला देतान, ठाव हाय ना तुला? उघड."

त्यानं शालीकडे पाहिलं, स्टेजकडे पाहिलं आणि कुलूप काढलं.

वाट गवतात गेली होती, पण आईचे पाय चुकले नाहीत. पाण्यावर प्लास्टिक तरंगत होतं, काठाला तेलाचा तवंग होता. अशा पाण्यात पाय घालायला माझं मन धजेना. आई गुडघाभर उतरली, वाकली, बोट बुडवून जिभेला लावलं. मग पिशवीतून जुना नारळ काढला. सोनेरी कागदाचा एक तुकडा शेंडीला अजून चिकटलेला होता. तिनं हात जोडले आणि नारळ ओहोटीला दिला. तो हलका झाला होता, भरभर गेला. आम्ही परत आलो तेव्हा वॉचमननं मागे पुन्हा कुलूप लावलं. त्याचा आवाज मी ऐकला, आणि तुम्ही तो रोज ऐकता. त्यांच्या शाली घ्या, जेवण जेवा, पण ती वाट मागायचं सोडू नका. ती देण्याचा शब्द त्यांनी देवीसमोर दिला होता, आणि टाळ्या आपण वाजवल्या होत्या.

सोमवारी शाळेत त्याच बाईंनी विचारलं, "मग, जाऊन आलात का पार्कला?" म्हटलं, "पार्कला नाही, गावी गेले होते." कुठलं गाव, त्यांनी विचारलं. मी मोरखार म्हणाले. त्यांनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांच्या तासाची घंटा होईपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं, खडकापासून.

साहेबांनी दिलेला नारळ आईनं घरी आल्या आल्या माझ्या हातात ठेवला होता.

"फोड," ती म्हणाली. "कालवनाला घाल."