पत्रा ओढायचा नसतो

घोडपदेवच्या आमच्या चाळीच्या छपरासाठी रंगीत पत्रे घ्यायला मी रे रोडच्या एका गोदामात गेलो होतो. टेम्पोवाल्याने घाईत एक पत्रा दुसऱ्यावरून खर्रकन ओढला, तसे तिथले एक वयस्क हमाल त्याच्यावर धावूनच गेले.

"ओढतोस काय? दोघं मिळून उचलू. रंग खरवडला की तिथूनच गंज धरतो!"

"एवढ्याशा ओरखड्याने काय होतंय, काका?" मीच म्हणालो.

हातमोजा काढून त्यांनी ओरखड्यावर बोट फिरवलं. "ह्याच्याखाली तुम्ही नाही वाटतं झोपणार?"

तेवढ्यात मालक त्यांच्यावरच खेकसला, "म्हाताऱ्या, टेम्पोची खोटी करू नको, गुपचूप भर!"

माझ्या छपरासाठी भांडणारा माणूस शिव्या खात होता आणि मी तोंड मिटून उभा होतो. स्वतःवरचा तो संताप अजून जात नाही.