सलीमभाईंच्या दुकानातलं बिडाचं सामान

आमच्या दुकानातून वस्तू जाते, तिचा किस्सा मात्र इथंच राहतो. गेल्या सहा वर्षांत गोडाऊन निम्मं रिकामं झालं, पण किस्से ठेवायला आता जागा नाही.

दुकान माझं नाही, सलीमभाईंचं. मी ड्रॉइंग टीचर म्हणून रिटायर झालो आणि त्यांना वस्तूंचे फोटो काढून कॅटलॉग करायला कुणीतरी हवं होतं. माल म्हणजे जुन्या बंगल्यांतलं, बंद पडलेल्या गिरण्यांच्या बागांतलं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं सामान. बाक, कुंड्या, कठडे, गोल जिने. सगळं ग्रीक-रोमन वळणाचं, सिंहाचे पाय आणि पानांच्या माळा असलेलं. तिसऱ्या आमच्या नरसम्मा. पूर्वी टॉवेलच्या मागावर होत्या, आता तारेच्या ब्रशनं गंज काढतात.

एकदा फोनवर एकानं विचारलं, "माल बीडचा आहे ना?"

सलीमभाई म्हणाले, "न्हाई हो, सगळा सोलापूरचाच हाय."

*

सांगोल्याकडच्या एका नानांनी एक भलीमोठी कुंडी आणली. दोन बाजूंना हंसाच्या मानेचे कान, पोटावर द्राक्षांचे घोस. कुठल्याशा लिलावात घेतलेली आणि वीस वर्षं मेंढरांना पाणी पाजायला वापरलेली. सलीमभाईंनी चांगला भाव दिला. नाना खुशीत गेले.

तिसऱ्या दिवशी परत हजर. चेहरा उतरलेला.

"मेंढरं पानीच पीत न्हाईत की. प्लास्टिकच्या टपाला तोंड लावीनात. दोन दिवस झालं, उनाचं नुसती हुबी हायती."

सलीमभाईंनी लगेच पैसे परत घेतले, कुंडी टेम्पोत चढवायला सांगितली. पण तोवर नरसम्मांनी गंज काढून तिला पांढराशुभ्र रंग दिला होता. नाना टेम्पोभोवती दोनदा फिरले.

"रंग काडून द्या," ते म्हणाले. "अशी न्हेली तर वळखायची न्हाईत ती."

नरसम्मा दुपारभर रंग खरवडत बसल्या, आणि नाना शेजारी बसून "हितं आनि जरा" म्हणत राहिले.

*

दिवा धरलेली एक बिडाची बाई होती, साडेपाच फूट उंच. एका लॉजच्या मालकांना ती फार आवडली, पण खांद्यावरून घसरलेलं वस्त्र पाहून ते अडले. "आमच्याकडं फॅमिली येती हो."

नरसम्मांनी दुसऱ्या दिवशी घरून इरकली लुगडं आणून तिला नीट नेसवलं. पदर, निऱ्या, सगळं. मी फोटो काढून पाठवला. लॉजच्या मालकांचा अर्ध्या तासात फोन. आम्ही स्पीकरवर टाकला.

"मिसेसला लई आवडलं. लुगडं कुठलं आहे?"

बाई अजून आमच्याकडंच आहे.

*

मंगळवेढ्याच्या एका गुरुजींनी चौदा पायऱ्यांचा गोल जिना घेतला. घर बांधायला काढलंय म्हणाले. तीन महिन्यांनी मी त्या बाजूला गेलो होतो, म्हणून मुद्दाम बघायला गेलो. बांधकाम पायाशीच थांबलेलं होतं. मुलानं पुण्यात फ्लॅट घेतला आणि गुरुजींचा घराचा उत्साह गेला.

जिना मात्र रानात उभा होता, चारी बाजूंनी ज्वारी. वरच्या पायरीवर गुरुजी गोफण घेऊन बसलेले, पाखरं राखत.

"वर कसं वाटतं?" मी खालून विचारलं.

"मजला न्हाई, पर हवा चांगली हाय," गुरुजी म्हणाले. मग मलाही वर बोलावलं. खरंच चांगली होती.

*

पुण्याचे एक आर्किटेक्ट आले होते. प्रत्येक वस्तू बोटानं वाजवून बघायचे. एका छोट्या टेबलापाशी थांबले, ते उलटं केलं, खाली ओतलेली दोन अक्षरं दिसली. मोबाईलचा टॉर्च लावून त्यांनी निरखून पाहिलं.

"इंग्लंडचा माल आहे. हे लॅटिन असावं."

मी सलीमभाईंकडं बघत होतो. त्यांनी मान हलवली असती, तर टेबल तिप्पट भावानं गेलं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"लॅटिन न्हाई साहेब, उर्दू हाय. तुमी उलटं धरलंय. गिरणीच्या फौंड्रीत माझे अब्बा होते, त्यांचं नाव हाय ते."

आर्किटेक्ट जरा ओशाळले. "मग भाव कमी होईल ना?"

"आता कसा व्हईल?" सलीमभाईंनी टेबल सुलटं केलं आणि त्यावर स्वतःचा चहा ठेवला. "आता तर मी विकत न्हाई."

*

मागच्या उन्हाळ्यात अनसूयाबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढं, बरोबर सून. त्यांचे वडील एका गिरणीमालकाच्या बंगल्यावर माळी होते. त्या बंगल्यातला बाक आमच्याकडं आलाय असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

"घ्यायचा न्हाई," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "बघायचाय."

बाक मागं होता. पाठीला पानांची माळ, हात टेकायच्या जागी सिंहाची तोंडं. अनसूयाबाईंनी पानं मोजली आणि सातव्यावर बोट ठेवलं. तिथं चीर होती.

"ह्योच. हिरवळीचा रोलर लागला व्हता."

लहानपणी दर रविवारी त्या हा बाक धुवायच्या. बादलीभर पाणी, नारळाची शेंडी, प्रत्येक पानाच्या खाचेतून बोट. धुवून झाला की मालकीणबाई येऊन बसायच्या, चहा घ्यायच्या, पाहुण्यांशी हसत बोलायच्या. माळ्याच्या पोरीनं बसायचं नाही, हे कुणी सांगितलंही नव्हतं. ते ठाऊकच होतं.

"बसा की," सलीमभाई म्हणाले.

त्यांनी सुनेकडं पाहिलं. मग पदरानं बाक पुसला, नरसम्मांनी सकाळीच पुसला होता तरी, आणि हळूच टेकल्या. त्या जरा डावीकडं सरकल्या. मग उजवीकडं. मागं टेकून पाहिलं, पुन्हा पुढं आल्या.

"अगं बाई," त्या सुनेला म्हणाल्या, "ही पानं पाठीत किती टोचत्यात. ह्याच्यावर बसून ती बाई हसायची कशी?"