कॅप्सूलचं कवच आणि माझी बोटं

"डोळे मिटा. टोचलं की सांगा," डॉक्टर म्हणाले. मी डोळे मिटले आणि वाट बघत बसले. बराच वेळ काहीच होईना, म्हणून मीच म्हटलं, "टोचा की साहेब, मी भीत न्हाई."

"टोचून झालं. दोन्ही हातांना."

डोळे उघडले तर शेजारी बसलेल्या आमच्या मालकांचं तोंड उतरलेलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'पेरिफेरल न्यूरोपॅथी'. म्हणजे हातापायांच्या नसा दुबळ्या होणं. रक्तात व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह तळाला गेलं होतं. हे जीवनसत्त्व नसांना लागतं आणि रक्त तयार व्हायलाही लागतं.

"हाताची जाण परत येईल का?" मी विचारलं.

"बहुतेक येईल. पूर्ण येईल का, ते आज नाही सांगता येणार. उशीर केलात."

आमचं पोट माझ्या हातावर. बसवकल्याणला आमच्या घरी कडक भाकऱ्या होतात. खानावळीत जातात, लग्नाला जातात, उमरग्यापर्यंत जातात. मी थापते, अत्ती चूल बघतात. आमच्यात सासूला अत्ती म्हणतात. ज्वारीचं पीठ हाताला कळावं लागतं. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेलं पीठ कितीही मळा, भाकरी चिरतेच. ते डोळ्याला कुठं दिसतं? बोटालाच कळतं.

आता मागचं सांगते. मी मूळची जाड. शुगर होती, दम लागायचा, पाटावर बसले की उठवायला माणूस लागायचा. औषधं, उपास, चालणं सगळं करून झालं. शेवटी सोलापूरला वजनाचं ऑपरेशन केलं. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी', म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी पिशवी ठेवतात. वजन उतरलं, शुगर उतरली. बाजारात ओळखीच्या बायका तोंडाकडं बघत, "कोण गं ही?" म्हणायच्या. मला लई भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू!

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "ऑपरेशन एका सकाळचं, गोळ्या जन्मभराच्या. खाणं कमी झालं, जठर लहान झालं. जेवणातून पुरेसं मिळणार नाही, मिळालेलंही नीट अंगी लागणार नाही." कॅल्शियम, लोह, आणि एक मोठी कॅप्सूल. त्या कॅप्सूलमध्येच बी-ट्वेल्व्ह होतं.

मी सगळं नेमानं घेत होते. मग शिवाची वचनं म्हणणाऱ्या आमच्या बायकांच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी टाकलं, कॅप्सूलचं कवच जनावराच्या हाडाकातड्यापासून करतात. आम्ही लिंगवंत, म्हणजे लिंगायत. गळ्यात इष्टलिंग, घरात मांसमच्छी नाही, अंड्याचं नाव नाही. आणि मी रोज पूजा उरकून हाडाचं कवच गिळायलीय? अत्तींना सांगितलं तर त्यांनी कानावरच हात ठेवले. "शिव शिव! टाक ती डबी. शेवग्याचा पाला कशाला हाय? नाचणी हाय, तीळ हाय. आमी काय गोळ्यावर जगलाव?"

डबी टाकली. डॉक्टरांना विचारावं असं मनात आलं, पण धाडस झालं नाही. एवढा शिकलेला माणूस, हसेल, असं वाटलं. मालकांना तर सांगितलंच नाही. शेवग्याची भाजी, शेवग्याची चटणी, शेवग्याची भाकरी. घरात शेवगा शेवगा झाला. तब्येत ठणठणीत आहे असं मला खरंच वाटायचं.

पहिल्यांदा गडबड कळली ती पूजेत. आम्ही इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून पूजा करतो. डोळे मिटले की हातावर त्याचा गारवा आणि भार जाणवतो. एके दिवशी हात रिकामाच वाटला. घाबरून डोळे उघडले, तर लिंग हातावरच. मन लागत नसेल म्हणून स्वतःलाच बोल लावला आणि दोनदा जास्त नमस्कार केला.

मग भाकऱ्या बिघडायला लागल्या. एकदा तव्यावरून भाकरी काढताना अत्ती ओरडल्या, "अगं, बोट! बोट जळायलंय तुझं!" बघते तर बोट तव्याला टेकलेलं, कातडी पांढरी झालेली आणि मला पत्ताच नाही. मालक त्याच दिवशी सोलापूरच्या बसमध्ये घालून घेऊन गेले.

तर त्या खोलीत डॉक्टरांनी विचारलं, "कॅप्सूल घेता ना?"

मी मालकांकडं बघितलं, मग भिंतीकडं. शेवटी म्हटलं, "साहेब, राग धरू नका. ते हाडाचं असतंय म्हणं. आम्हाला चालत न्हाई."

मालक उडालेच. "म्हंजे घेतच न्हवतीस व्हय?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "जिलेटिन म्हणतात त्याला. बऱ्याच कॅप्सूलना असतं, तुम्ही ऐकलं ते खोटं नाही. पण साध्या गोळ्या मिळतात, शाकाहारी कवचाच्याही मिळतात. आणि तुम्हाला आता इंजेक्शनच द्यायचंय. तुमच्या गळ्यातलं लिंग मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. मीच विचारायला हवं होतं."

मला रडूच आलं. इतके दिवस ज्याची भीती धरली, ते एवढंसं होतं.

"आणि शेवगा?" मी डोळे पुसत विचारलं.

"शेवगा चांगलाच आहे, खा. पण बी-ट्वेल्व्ह कुठल्याच झाडपाल्यात नसतं."

इंजेक्शनं आधी दिवसाआड, मग आठवड्याला. गावातल्याच दवाखान्यात नर्सबाई द्यायच्या. गंमत म्हणजे सुरुवातीला हातापायांना मुंग्याच यायला लागल्या. डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, नसा जाग्या होताना असं होतं कधीकधी. तोवर थापायचं काम अत्तींनी घेतलं. मी बांधाबांध करायची. गुडघ्यावर हात टेकवत त्या उठायच्या, तेव्हा माझा जीव तुटायचा. त्या मात्र स्वतःलाच बोलायच्या, "मीच टाकायला लावली गं डबी." मी म्हणायची, "टाकली कुणी? मीच ना?"

आता अत्ती माझ्या गोळ्यांच्या पहारेकरीण झाल्या आहेत. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्यायचे, नाहीतर कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही. लोहाच्या गोळीवर चहा तर बिलकूल नाही. चहा हा माझा जीव की प्राण! कपाला हात लावला की चुलीपासून आवाज येतो, "गोळी कवा घेतलीस?" शेजारणी ऐकतात आणि हसतात. हसू देत.

एका सकाळी मी हट्टानं तव्याजवळ बसले. पीठ बोटाला जरा जरा कळत होतं. भाकरी काढायला गेले आणि, "अय्यायायाय!" हात झटकला, भाकरी राखेत पडली.

अत्ती पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. "काय झालं गं?"

"चटका! अत्ती, चटका बसला मला! लागलं!"

त्या बघतच राहिल्या. मग तिथंच फतकल मारून बसल्या आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. "बसवाऽ, देवा, तुझी कृपा! डाव्या हाताचं काय गं?"

"लावून बघू काय तव्याला?"

"गप बस, येडी कुठली!" म्हणत त्यांनी माझा हात तांब्यात बुडवला.

तुमच्यापैकी कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल, तर माझं एक ऐका. मनात जे अडतंय, ते डॉक्टरांना तोंडानं सांगा. धर्माचं असू द्या, सासूचं असू द्या, चहाचं असू द्या. लाज वाटली तरी सांगा. गोळ्या मनानं बंद करू नका आणि रक्त वेळच्या वेळी तपासा. टाचांना अजून थोडा बधिरपणा आहे, इंजेक्शन आता महिन्याला एक. त्याचं मला काही वाटत नाही.

चटका बसला त्या दिवशी संध्याकाळी हातपाय धुऊन पूजेला बसले. लिंगावर पाणी घातलं, डाव्या तळहातावर ठेवलं आणि डोळे मिटले. गार लागलं.