दुसऱ्या वेताचा लॅपटॉप

आमच्या व्याह्यांइतका चोखंदळ माणूस पंचगंगेच्या अलीकडं-पलीकडं दुसरा नाही. असला तर घेऊन या, मी त्याच्या पाया पडतो. आणि मी सहसा कुणाच्या पाया पडत नाही. शाळा म्हणाल तर माझी चौथीपर्यंत, जन्म गेला लेथवर, पण माणूस किती सुतात बसतो हे मला लांबून कळतं. ह्या एका माणसाचं माप मात्र पंधरा वर्षं घेतोय, लागत नाही.

त्यांचं गाव गडहिंग्लजकडं. म्हैस घ्यायची म्हटली की आसपासची माणसं त्यांना गाडीवर घालून बाजाराला नेतात. दलाली करत नाहीत, चहा सोडून कुणाचं काही घेत नाहीत, नुसता नाद. शिंगं बघतील, दात बघतील, सड चाचपतील, उतारावरनं चालवून आणतील, आणि एवढं करून विकणाऱ्याला म्हणतील, "पावणं, दोन वेळची धार बघितल्याबिगर दावं सोडायचं न्हाय." त्यासाठी परक्या गोठ्यात मुक्काम ठोकतात. हीच रीत सगळ्याला. कुकर घ्यायला गेले तेव्हा दुकानात भात शिजवायला लावला. चप्पल पायात घालून एसटी स्टँडपर्यंत जाऊन येतात, मगच पसंत. आमच्या वैशालीला सून म्हणून बघायला आले तेव्हा तिच्याकडं धड बघितलंसुद्धा नाही. मी बायकोशी कसा बोलतो तेवढंच तासभर न्याहाळत बसले. निघताना म्हणाले, "घर बरं हाय. जरा तापट हाय, पर मारकं न्हाय." तापट म्हणजे मी. हे ऐकून मी तापलोच.

तर गेल्या साली त्यांच्या घरात लॅपटॉप घ्यायचं निघालं. लाईटचं बिल, सातबारा, नातवाचा अभ्यास, अशी कारणं वैशालीनं सांगितली. मी लगेच निरोप धाडला, लेकीला मी घेऊन देतो. उलटा निरोप आला, "पोरगी दिलीसा, तितंच तुमचं देणं फिटलं." आता हे ऐकून कोण गप बसेल? घ्यायच्या दिवशी व्याही आणि वैशाली एसटीनं कोल्हापुरात उतरले आणि मी खिशात पैसे घालून राजारामपुरीतल्या दुकानात त्यांच्या आधी जाऊन बसलो.

दुकानदारानं कोरा करकरीत लॅपटॉप पुढ्यात ठेवला. व्याह्यांनी झाकण वीस वेळा उघडलं-मिटलं, बिजागरी वाजते का म्हणून कान लावला. पोटाखाली हात घालून ताप बघितला.

"काका, आठ जीबी रॅम हाय," दुकानदार म्हणाला.

"म्हंजे खुराक की दूध?"

दुकानदारानं डोकं खाजवलं. "ताकद म्हणा."

"हां. मग ह्यो ठेवा आत. पहिलारू जनावर लाथ मारंल का न्हाय कुणाला ठावं? दुसऱ्या वेताचं दाखवा."

म्हणजे दुसऱ्यांदा व्यालेलं जनावर; इथं, वापरलेलं. स्वस्त पडतं म्हणून नव्हे हो, खोडी आधीच्या मालकाकडं निघून गेलेल्या असतात म्हणून! दुकानदारानं तीन आणले. बॅटरी किती तास चालते, बिघडलं तर कुणाकडं यायचं, हे दोन प्रश्न व्याह्यांनी असे विचारले की मलाही सुचले नसते. दुकानदार त्यांना सांगायला लागला तर म्हणाले, "माझ्याकडं काय बघतोयस? धार हिला काढायची हाय. लिव पोरी, मराठीत. हात बसूस्तवर लिव."

व्याह्यांचा चष्मा घरी राहिला होता. तो कायम घरीच राहतो. त्यामुळं लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं काम माझ्यावर आलं. मी अक्षराला अक्षर लावून वाचतो, पण वाचतो. पहिल्यावर तिनं लिहिलं, 'उसाला तोड आली.' बटणं घट्ट निघाली. दुसऱ्यावर लिहिलं, 'आज हवा बरी आहे.' त्याचा पडदा व्याह्यांना आजारी वाटला. तिसऱ्याच्या झाकणावर चरा होता. त्याच्यावर ती लिहीतच सुटली. मी पुढं होऊन वाचायला लागलो, "मला... बी. ए. पुरं... करायचं आहे. एक वर्ष... राहिलं आहे. घरात कसं सांगू..." पुढचं अक्षर मला लागेना.

मुद्दाम लिहिलं की हात बसल्यावर आपोआप आलं, मी अजून विचारलेलं नाही. स्थळ चांगलं आलं म्हणून शेवटच्या वर्षाला तिचं कॉलेज मी सोडवलं होतं. कुणी विचारलं तर 'तिलाच नको होतं' असं पंधरा वर्षं ठोकून सांगत आलोय. माझा कान तापला. वैशाली खाली मान घालून बसली.

व्याही तिला म्हणाले, "एवढं पोटात ठेवून धारा काढत हुतीस व्हय गं?"

"मामा, तसं न्हाय..."

"गप. दुकानदार, ह्योच बांधा."

"काका, ह्याला चरा हाय. दुसरा देतो की."

"ऱ्हाऊ दे चरा. पोरीनं ह्येच्यावर खरं लिवलं."

मी खिशात हात घातला, तसा त्यांनी माझा हात खिशातच दाबून धरला. सत्तरीचा माणूस, पण पकड म्हशीला आवरणारी. म्हणाले, "पावणं, लॅपटॉप माझा. फी तुमची." पहिल्यांदाच मी त्यांच्याशी भांडलो नाही.

आता मी गडहिंग्लजला गेलो की लेक लगेच भेटत नाही. दुपारी ती आत अभ्यासाला बसते आणि व्याही दाराबाहेर पोतं टाकून बसतात. टीव्ही बंद, पोरं मळ्यात, कुकरलासुद्धा शिट्टीची परवानगी नाही. मला बघितलं की म्हणतात, "आत्ता न्हाय. पेपर जवळ आलाय." माझीच लेक, आणि मला न्हाय! पण मीही पोत्यावर टेकतो. परवा दोघं दोन तास तसेच बसून होतो. असं तिच्या दाराशी बसायचं काम, कॉलेज सोडवलं त्या वर्षी, माझं होतं. ते माझ्या हातून झालं नाही. म्हटलं, आज हे व्याह्यांना एकदा बोलून टाकावं. मी तोंड उघडलं, तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.